थेरपी ऑनलाइन गेली, आमचं प्रॅक्टिकल कधी जाणार?

रविवार होता, त्यामुळे मेगाब्लॉकही होता. एम.ए. सायकॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला आम्हाला काउन्सेलिंगचा रोल प्ले सादर करायचा होता. एकीने काउन्सेलर व्हायचं, दुसरीने क्लायंट. माझी पार्टनर डोंबिवलीची, मी खोपटची. ‘कुठे धक्के खात येतेस, मीटवरच करू ना प्रॅक्टिस,’ मी तिला म्हटलं. आमचं घर एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला. दोन खोल्या, माणसं पाच. म्हणून मी इअरफोन घेऊन चाळीच्या जिन्यात जाऊन बसले.

ती खोटीखोटी क्लायंट होती. पण दहा मिनिटांत खरंच बोलायला लागली. वडिलांच्या सुटलेल्या नोकरीबद्दल, घरातल्या भांडणांबद्दल. बोलता बोलता थांबली. स्क्रीनवर तिचा चेहरा अगदी स्थिर. मला वाटलं, रडू आवरतेय. वर्गात शिकवलं होतं की क्लायंट गप्प झाला तर ती शांतता घाईने तोडायची नाही, त्याला वेळ द्यायचा. मी दिला. दहा सेकंद, वीस सेकंद, तीस सेकंद. मग लक्षात आलं, नेट गेलंय!

परत जोडले गेलो तेव्हा ती म्हणाली, ‘अगं, मी बोलत होते. तू काहीच बोलेनास. मला वाटलं तुला कंटाळा आला.’ मी सावरून घ्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात चॅटमध्ये दोन शब्द आले, ‘आई आली’. आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये भेटली तेव्हा म्हणाली, ‘काल सगळं आतलं बाहेर काढलं आणि तशीच उठून भाजी निवडायला बसले. रात्रभर कसंतरी होत होतं.’ (हे तिला विचारूनच लिहितेय.)

रोल प्लेला आम्हाला चांगले मार्क मिळाले. कारण तो वर्गात, दोन खुर्च्यांवर समोरासमोर बसून झाला. जिन्यातल्या त्या अर्ध्या तासाला अभ्यासक्रमात जागाच नव्हती. पण पास झाल्यावर आमच्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला येणार आहे तो हाच अर्धा तास.

काम ऑनलाइन, ट्रेनिंग खुर्चीवर

थोडं आजूबाजूला बघा. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. त्याच्या दहा वर्षं आधी, २०१२ मध्ये मुंबईच्या ‘टिस’ने ‘आयकॉल’ सुरू केलं. तिथे फोनबरोबरच ईमेल आणि चॅटवरूनही समुपदेशन होतं. कोविडनंतर तर विचारूच नका. प्रायव्हेट प्रॅक्टिस करणारे अनेक थेरपिस्ट आठवड्यातले काही दिवस स्क्रीनवरच असतात. वेगवेगळी ॲप्स आहेत, स्टार्टअप्स आहेत, कंपन्यांनी कर्मचाऱ्यांसाठी घेतलेल्या सेवा आहेत. आमच्या सीनियर्सना पहिल्या नोकऱ्या कुठे मिळताहेत, हे विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा ‘ऑनलाइन’ असंच येतं.

आता आम्ही शिकतो काय, ते बघा. बी.ए.ला स्टॉपवॉच घेऊन मेमरीचे प्रयोग. एम.ए.ला टेस्ट्स, केस हिस्टरी आणि काउन्सेलिंग स्किल्स. त्या स्किल्समध्ये जेरार्ड ईगन यांचं ‘सोलर’ सूत्र सगळ्यांना पाठ असतं. क्लायंटकडे तोंड करून बसा, हात बांधू नका, किंचित पुढे झुका, नजरेला नजर द्या, सैल बसा. खरंच उपयोगी आहे हे. पण व्हिडिओ कॉलवर करून बघा. समोरच्याला आपण त्याच्याकडे बघतोय असं वाटायला हवं असेल, तर आपल्याला कॅमेऱ्याकडे बघावं लागतं. कॅमेऱ्याकडे बघितलं की त्याचा चेहरा दिसत नाही. त्याच्या चेहऱ्याकडे बघावं, तर त्याला वाटतं आपण खाली बघतोय. आणि ‘किंचित पुढे झुका’ केलं तर स्क्रीनभर नुसतं आपलं कपाळ!

गंमत बाजूला ठेवू. खोलीत कुणी रडलं तर टिश्यूचा बॉक्स पुढे सरकवता येतो. थरथरणारा पाय, मुठी, दाराकडे जाणारी नजर, हे सगळं दिसतं. स्क्रीनवर दिसतात ते खांदे आणि चेहरा. फोनवर तेवढंही नाही, फक्त श्वास आणि आवाज. चॅटवर तर आवाजही नाही. ‘ठीक आहे’ हे दोन शब्द कुणी लगेच टाइप केले की पाच मिनिटं लिहून-खोडून पाठवले, एवढंच हातात. खोलीतून उठून जाताना क्लायंट दारातून बाहेर पडतो, जिना उतरतो, स्टेशनपर्यंत चालतो. तोवर मन थोडं थाऱ्यावर येतं. ऑनलाइन सेशन मात्र एका बटणावर संपतं आणि पुढच्या सेकंदाला समोर भाजी निवडायची असते.

ही वेगळी कौशल्यं आहेत आणि ती शिकवावी लागतात. ‘आजची पिढी मोबाइलवरच असते, यांना काय शिकवायचं’ हे ऐकून ऐकून कान किटलेत. रील बनवता येणं वेगळं आणि अनोळखी माणसाचं दुःख साडेपाच इंचांच्या स्क्रीनवर सांभाळणं वेगळं.

‘पण ऑनलाइन म्हणजे पातळ थेरपी ना?’

हा आक्षेप आमच्या सरांचाही आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. माणसाच्या समोर बसण्यात जे आहे ते स्क्रीनवर जसंच्या तसं येत नाही, हे मान्य. पण नैराश्य आणि चिंता यांसारख्या तक्रारींसाठी व्हिडिओवरून नीट, ठरलेल्या पद्धतीने दिलेली थेरपी समोरासमोरच्या थेरपीच्या जवळपास जाते, असं आजवरच्या बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. ‘नीट’ हा शब्द मात्र महत्त्वाचा. नीट द्यायची तर कुणीतरी नीट शिकवायला हवी.

आणि हे काही कालचं खूळ नाही. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्कात सेसिल विटसन या मानसोपचारतज्ज्ञाने दोन्ही बाजूंनी बोलता येईल असा टीव्ही वापरायला सुरुवात केली. कशासाठी, तर ग्रुप थेरपीसाठी आणि मेडिकलच्या विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठीही. म्हणजे स्क्रीन उपचारात आली तेव्हाच शिकवण्यातही आली. त्याच्याही आधी, १९४० च्या सुमारास कार्ल रॉजर्स यांनी क्लायंटबरोबरची सेशन्स रेकॉर्ड करायला सुरुवात केली होती. ती ऐकून विद्यार्थ्यांना पहिल्यांदा कळलं की बंद दाराआड थेरपिस्ट नेमकं बोलतो काय. त्या वेळीही लोकांना हे विचित्र वाटलं असणार.

आपल्याकडचं उदाहरण तर याहून भारी आहे. विवेकनिष्ठ मानसोपचार, म्हणजे आरईबीटी, मराठी माणसांपर्यंत पोहोचवण्यात कि. मो. फडके यांचं नाव फार मोठं. त्यांनी ही पद्धत तिचे जनक अल्बर्ट एलिस यांच्याकडून आत्मसात केली ती वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून. फडके इकडे, एलिस न्यूयॉर्कला, आणि मध्ये टपाल खातं. प्रश्न पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. दूर बसून शिकता येतं का, या प्रश्नाचं उत्तर आपल्या घरात कधीच मिळालंय. फक्त त्या शिकण्याच्या दुसऱ्या टोकाला एक जाणता, उत्तर देणारा गुरू होता, हे विसरायचं नाही.

इथे एक गोंधळ आधीच दूर करते. २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी जोडलेले काही विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला यूजीसीने मनाई केली. मग मी त्याच्या उलट काही मागतेय का? मुळीच नाही. मानसशास्त्र घरी बसून, व्हिडिओ बघून शिकावं, असं माझं म्हणणंच नाही. ऑनलाइन शिकणं वेगळं आणि ऑनलाइन काम करायला शिकणं वेगळं. हे दुसरं शिकायला कॉलेजात यावंच लागेल, शिक्षक शेजारी असावाच लागेल. पोहायला शिकायचं तर पाण्यात उतरायचं, पण काठावर कोच हवाच ना.

खोली कुठून आणायची?

ऑनलाइन थेरपीच्या परदेशी पुस्तकांत पहिला नियम असतो : शांत, खासगी खोली निवडा. वाचून हसू येतं. ठाण्यात, कळव्यात, दिव्यात, डोंबिवलीत किती जणांकडे स्वतःची खोली आहे? आमच्या घरात दार लावून बसलं की दोन मिनिटांत ‘काय करतेयस गं आत?’ ऐकू येतं. क्लायंटच्या घरीही तेच. नवऱ्याबद्दल बोलायचंय आणि नवरा पडद्यापलीकडे टीव्ही बघतोय. सासूबद्दल बोलायचंय आणि सासू ओट्याशी उभी. कॉलेजातल्या मुलाला स्वतःबद्दल जे सांगायचंय ते घरात मोठ्याने उच्चारताही येत नाही.

आणि हे फक्त क्लायंटचं नाही. ट्रेनी थेरपिस्ट म्हणून मी जिन्यात बसले, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकू दोनदा जाऊन आल्या. समोरचीची गोष्ट माझ्या इअरफोनमध्ये होती, पण माझे प्रश्न त्यांनी ऐकलेच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. जिन्यात बसून तो कसा पाळायचा, हे आम्हाला कोण सांगणार?

यावर तोडगे आहेत, पण ते इथल्या घरांतूनच शोधावे लागतील. काही ठिकाणी बोलणं सोडून टाइप करणं जास्त सुरक्षित असतं. ‘हो’, ‘नाही’ असं उत्तर देता येईल असे प्रश्न विचारता येतात. कुणी खोलीत आलं तर वापरायचा एक साधा शब्द आधी ठरवता येतो, ‘नोट्स पाठवते’ असं काहीतरी. घरात शक्यच नसेल तर सिद्धेश्वर तलावाच्या काठावर, मासुंद्याच्या बाकावर किंवा सोसायटीच्या गच्चीत बसून फोनवर बोलता येईल का, हे क्लायंटबरोबर बसून ठरवता येतं. सेशनची शेवटची पाच-सात मिनिटं राखून ठेवायची, त्यात जड विषय बंद करायचा आणि ‘फोन ठेवल्यावर लगेच काय करणार?’ हे विचारायचं. त्या रविवारी मला एवढं जरी माहीत असतं, तरी माझी मैत्रीण रात्रभर अस्वस्थ राहिली नसती.

पुस्तकात न सापडणारी ही अक्कल वर्गात, चर्चेतून, चुका करत तयार होईल. मराठीत, आपल्या घरांसाठी. मला विचाराल तर आमच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये जायला हवं ते हे.

कॉल कट झाला तर?

सगळ्यात अवघड मुद्दा हा. समजा समोरचा म्हणाला, ‘मला आता काहीच नकोसं झालंय,’ आणि कॉल कट झाला. परत लावला, लागत नाही. आता?

कॉलेजच्या किंवा हॉस्पिटलच्या खोलीत असता, तर उठून शेजारच्या केबिनमध्ये मॅडमना गाठलं असतं. क्लायंट समोर असता, त्याला एकटं सोडलंच नसतं. पण रात्री साडेनऊला, घरी, ॲपवर सेशन घेणाऱ्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीने काय करायचं? ती व्यक्ती मुरबाडला आहे की मोखाड्याला, हेही तिला माहीत नसेल तर मदत पाठवायची कुठे?

याची तयारी सेशन सुरू होण्याआधी करायची असते. आज तुम्ही कुठे बसला आहात? कॉल तुटला तर कोण कुणाला फोन करणार? दुसरा नंबर कोणता? गरज पडली तर घरातल्या, ओळखीतल्या कुणाला कळवलेलं चालेल? जवळचं हॉस्पिटल कोणतं? चार-पाच साधे प्रश्न, दर वेळी. शिवाय कुणाला ऑनलाइन घ्यायचं नाही, तर प्रत्यक्ष तज्ज्ञाकडे पाठवायचं, हे ओळखता यायला हवं. निम्हान्सने २०२० मध्ये टेलि-सायकोथेरपीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. म्हणजे कागद तयार आहे. आमच्या वर्गात तो कुणी उघडला नव्हता, एवढंच.

आणखी एक. स्क्रीनवर माणसं कधी कधी जरा जास्तच लवकर मोकळी होतात. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये याला ‘ऑनलाइन डिसइन्हिबिशन इफेक्ट’ असं नाव दिलं. समोर कुणी बसलेलं नसलं की बांध फुटतो. ऐकणाऱ्याला वाटतं, वा, आपण किती पटकन विश्वास मिळवला! पण पहिल्याच भेटीत सगळं सांगून बसलेला माणूस दुसऱ्या भेटीला लाजेने येतच नाही. वेग कधी कमी करायचा, हे ओळखायला अनुभवी नजर लागते. ती नजर नवशिक्याकडे नसते, सुपरवायझरकडे असते.

आणि इथेच ऑनलाइनचा एक मोठा फायदाही आहे. एकतर्फी आरशाची खोली किती कॉलेजांना परवडते? पण क्लायंटची स्पष्ट परवानगी घेऊन सुपरवायझर कॅमेरा बंद ठेवून सेशन ऐकू शकतात. अडकलो तर एक ओळ मेसेज करू शकतात. कसाऱ्याहून, कर्जतहून येणाऱ्या विद्यार्थ्याला सुपरव्हिजनसाठी दादर गाठावं लागत नाही. जे माध्यम आम्हाला एकटं पाडतंय, तेच नीट वापरलं तर शिक्षकाला शेजारी आणून बसवतं.

मग मागणी काय?

फार मोठी नाही. ॲप नको, स्मार्ट लॅब नको.

पहिली गोष्ट, एम.ए.च्या प्रॅक्टिकलमध्ये स्क्रीन, फोन आणि चॅट या तिन्हींवरचे रोल प्ले सक्तीचे करा. नेट मुद्दाम बंद करा, मध्येच कुणाला तरी ‘आई’ बनवून खोलीत पाठवा. गोंधळ उडू दे, पण वर्गात उडू दे.

दुसरी, कॉलेजात एक खोली द्या. दुपारनंतर कितीतरी वर्ग रिकामे असतात. दार, पडदा, बरा हेडफोन आणि बरं वायफाय, झालं. चाळीत राहणाऱ्या विद्यार्थ्यालाही गोपनीयता पाळता आली पाहिजे, नाहीतर हा पेशा फक्त स्वतःची बेडरूम असणाऱ्यांचा होईल.

तिसरी, खरा क्लायंट सर्वांत शेवटी. आधी रोल प्ले, मग परवानगीने निरीक्षण, मग सुपरवायझरच्या देखरेखीखाली सेशन. आपल्याशी बोलणारी व्यक्ती अजून शिकते आहे, हे क्लायंटला आधी सांगायचंच. रेकॉर्डिंग कुठे राहणार, कोण बघणार, कधी पुसणार, हेही. आणि इंटर्नशिपच्या नावाखाली सुपरव्हिजनशिवाय विद्यार्थ्यांकडून सेशन्स करून घेणाऱ्यांना कॉलेजने चक्क ‘नाही’ म्हणावं.

चौथी, शिक्षकांनाही शिकू द्या. आमच्या सर-मॅडमनी आयुष्यभर समोरासमोर काम केलंय, हा त्यांचा दोष नाही. खोपटहून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर १९०१ पासूनचं मनोरुग्णालय आहे, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच आहे. अनुभवी माणसांची ठाण्यात वानवा नाही. कॉलेजांनी त्यांच्याकडे जाऊन बसायला काय हरकत आहे?

‘एवढा खटाटोप कशाला, आता तर एआयच थेरपी देईल,’ असं म्हणणारे मित्र मलाही आहेत. रात्री दोनला ते चॅटबॉटशी बोलतात. मी त्यांना हसत नाही. त्या वेळी त्यांना दुसरं कुणी जागं सापडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. निम्हान्सने बारा राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दर दहांतल्या एका प्रौढाला कुठला ना कुठला मानसिक विकार असल्याचं दिसलं, आणि उपचारापर्यंत न पोहोचणाऱ्यांचं प्रमाण विकारानुसार ७० ते ९२ टक्के होतं. या लोकांपर्यंत पोहोचायचं तर फोन आणि स्क्रीन लागणारच. पलीकडे तयार माणूस असेल की नुसता डिग्रीवाला, एवढंच ठरायचंय.

नवीन टर्म सुरू झाली की तुमच्या डिपार्टमेंटमध्ये एक प्रश्न विचारून बघा : ‘मॅडम, आपल्या प्रॅक्टिकलमध्ये ऑनलाइन सेशन आहे का?’ आम्ही यंदा विचारला. मॅडम थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, ‘शनिवारी लेक्चरनंतर थांबा, करून बघू.’ पहिल्या शनिवारी सहा जण थांबलो. नेट तीनदा गेलं. तिसऱ्यांदा गेलं तेव्हा मी तीस सेकंद थांबले नाही. लगेच फोन लावला आणि म्हटलं, ‘आवाज तुटला होता गं, मी इथेच आहे. वडिलांपर्यंत आली होतीस, तिथून सांग.’

(तुम्हाला स्वतःला किंवा मित्राला बोलावंसं वाटत असेल, तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा नंबर दिवसरात्र आणि मोफत आहे.)